पांढऱ्या पेशी कमी? आधी गुणाकार, मग थर्मामीटर

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट मोबाइलवर येतो, एका आकड्यापुढे खाली वळलेला लाल बाण दिसतो आणि घरात धावपळ सुरू होते. कुणी पपईची पानं शोधायला निघतं, कुणी किवी आणायला. बाण असतो 'टोटल ल्युकोसाइट काउंट' किंवा 'डब्ल्यूबीसी' या ओळीपुढे, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एकूण संख्येपुढे. पण हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. ३,२०० पेशींवर एक जण निर्धास्त कामावर जाऊ शकतो आणि तेवढ्याच ३,२०० पेशींवर दुसऱ्याला आज रात्रीच भरती करावं लागू शकतं. तो फरक खालच्या पाच ओळींत लिहिलेला असतो, आणि नेमक्या त्याच ओळी कुणी वाचत नाही.

रिपोर्ट कसा वाचायचा

मोठ्या माणसात पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० असतात. हा आकडा एका मायक्रोलिटर रक्तातला. काही लॅब त्यालाच क्युबिक मिलिमीटर म्हणतात, माप एकच. काही रिपोर्टवर नुसतं ३.२ छापलेलं असतं आणि बाजूला बारीक अक्षरात हजाराचं एकक असतं. म्हणजे ३,२००. हे न बघता 'फक्त तीनच पेशी उरल्या' म्हणून रडारड झालेली घरं कमी नाहीत.

खालच्या पाच ओळी पाच प्रकारांच्या: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. जिवाणू आणि बुरशी यांना गिळण्याचं काम मुख्यतः न्यूट्रोफिल करतात. ते रक्तात जेमतेम दिवसभर टिकतात, त्यामुळे अस्थिमज्जेला, म्हणजे बोन मॅरोला, रोज नवे अब्जावधी तयार करावे लागतात. कारखाना चार-आठ दिवस बंद पडला तर सगळ्यात आधी हेच संपतात. म्हणून धोका मोजायचा तो न्यूट्रोफिलच्या खऱ्या संख्येवर, ज्याला डॉक्टर 'एएनसी' म्हणतात.

हिशोब साधा आहे: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले १००. रिपोर्टमध्ये 'बँड' नावाच्या कोवळ्या न्यूट्रोफिलची टक्केवारी वेगळी दिली असेल तर तीही मिळवायची.

पहिला माणूस: ३,२०० × ५८ ÷ १०० = १,८५६. ठीक आहे.
दुसरा माणूस: ३,२०० × १२ ÷ १०० = ३८४. हा धोक्यात आहे.

१,५०० च्या वर असेल तर मोठ्या माणसाला बहुधा चिंता नाही. १,००० ते १,५०० सौम्य, ५०० ते १,००० मध्यम, ५०० च्या खाली तीव्र. १०० च्या खाली गेलं तर शरीर जवळपास उघडं पडलेलं असतं. ५०० आणि १०० हे आकडे कुणी सोयीसाठी ठरवलेले नाहीत. १९६६ मध्ये जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांमध्ये न्यूट्रोफिलची संख्या आणि संसर्ग यांची गाठ घालून दाखवली: संख्या जितकी खाली आणि जितके जास्त दिवस खाली, तितका संसर्ग जास्त. यातलं दुसरं अंग लोक विसरतात. तीन दिवस ४०० असणं आणि तीन आठवडे ४०० असणं यांत फार अंतर आहे.

न्यूट्रोफिल ठीक आणि फक्त लिम्फोसाइट १,००० च्या खाली असतील तर विचार वेगळा होतो. नुकताच झालेला विषाणूचा ताप, चालू असलेले स्टेरॉइड, मोठं आजारपण, एचआयव्ही ही त्याची नेहमीची कारणं. एकदाच कमी आले असतील तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं. सतत कमी राहत असतील तर एचआयव्हीची तपासणी संकोच न करता करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट आधी तपासा: रिपोर्ट खरा आहे का? सलाईन चालू असलेल्या हातातूनच रक्त काढलं तर ते पातळ होतं आणि हिमोग्लोबिन, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी सगळंच खोटं कमी दिसतं. नमुना तासन् तास पडून राहिला किंवा पेशींच्या गुठळ्या झाल्या तर मशीन फसतं. आकडा अनपेक्षित असेल, माणूस ठणठणीत असेल, तर दुसऱ्या हातातून ताजा नमुना द्या आणि पॅथॉलॉजिस्टने काच सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावी असं सांगा. याला 'पेरिफेरल स्मिअर' म्हणतात. खर्च थोडा, पण यात कळतं ते मशीनला कळत नाही.

कशामुळे कमी झाल्या, हे शोधताना

तीन प्रश्न क्रमाने विचारायचे. सध्या ताप आहे किंवा नुकता येऊन गेला का? कुठली औषधं चालू आहेत, गेल्या तीन महिन्यांत कुठली सुरू झाली? हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही खाली आहेत का? या तीन उत्तरांत बहुतेक कारणं सापडतात.

पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो तो डेंग्यू. त्यात पांढऱ्या पेशी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घसरतात, प्लेटलेटच्याही आधी. मग साधारण सहाव्या-सातव्या दिवसापासून आपोआप चढू लागतात आणि प्लेटलेट त्यांच्या मागून येतात. २,००० चा आकडा इथे सर्रास दिसतो आणि तो आजाराचाच भाग असतो. तेवढ्यासाठी अँटिबायोटिक लागत नाही, पेशी वाढवण्याचं इंजेक्शन तर नाहीच. डेंग्यूत खरी भीती रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याची. ताप उतरतो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हाच ही वेळ येते. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, सुस्ती यांतलं काहीही दिसलं तर पांढऱ्या पेशींचा आकडा बाजूला ठेवून रुग्णालय गाठा. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नाही.

चिकुनगुनिया, फ्लू, कोविड, कावीळ करणारे विषाणू यांतही पेशी उतरतात. टायफॉइड हा जिवाणूचा आजार, तरी त्यात पेशी वाढण्याऐवजी कमी किंवा नॉर्मल दिसतात. म्हणून चार-पाच दिवस चढता ताप आणि कमी काउंट असेल तर अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी, द्यावं. विडाल चाचणीवर विसंबू नये. मलेरिया, स्क्रब टायफस हेही यादीत आहेत. या सगळ्यांत आजार गेला की दोन-तीन आठवड्यांत पेशी बहुधा जागेवर येतात.

दुसरं मोठं कारण औषधं, आणि इथे थांबून नीट पाहायला हवं, कारण ही घसरण टाळता येते.

किमोथेरपीत काउंट पडणं अपेक्षितच असतं. ज्याची कुणाला कल्पना नसते अशी घसरण रोजच्या गोळ्यांतून होते. संधिवात आणि सोरायसिससाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, बहुधा ७.५ ते २५ मिलिग्रॅमपर्यंत. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' लिहिलेलं असतं, पण घरातलं कुणीतरी ते रोजच्या डब्यात भरतं, किंवा दुसऱ्या दिवशी घ्यायच्या फॉलिक ॲसिडच्या गोळीशी घोळ होतो. दोन्ही लहान, अनेकदा दोन्ही पिवळ्या. आठवडाभर रोज घेतलं की तोंडात फोड येतात, गिळता येत नाही, आणि काउंट शेकड्यांत येतो. मूत्रपिंड अशक्त असलेल्या वयस्कर माणसात हे आणखी लवकर होतं. सोबत को-ट्रायमोक्सॅझोल हे अँटिबायोटिक दिलं गेलं तर धोका फार वाढतो. उपाय: वार ठरवा, उदाहरणार्थ रविवार, पाकिटावर मार्करने 'रवि' लिहा, फॉलिक ॲसिड वेगळ्या डबीत ठेवा. चूक झालीच असेल तर तोंड बरं होण्याची वाट पाहू नका. ल्युकोव्होरिन नावाचा उतारा आहे आणि तो जितका लवकर मिळेल तितका उपयोगी.

थायरॉइड वाढल्यावर देतात त्या कार्बिमॅझोलमुळे न्यूट्रोफिल अचानक शून्याजवळ जाऊ शकतात. हे हजारांत दोन ते पाच जणांना, आणि बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतं. घसरण इतकी एकाएकी असते की महिन्याच्या तपासणीत सापडेलच असं नाही. म्हणून नियम असा: कार्बिमॅझोल चालू असताना घसा दुखून ताप आला तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. घशाला गुळण्या करून दोन दिवस बघू, हे इथे चालत नाही. एकदा असं झालं की ते औषध पुन्हा आयुष्यात घ्यायचं नाही. ही नोंद फाइलच्या पहिल्या पानावर हवी.

ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणाऱ्या माणसाला युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट दिलं गेलं की पहिलं औषध शरीरात साठतं आणि मज्जा दबते. दोन वेगळे डॉक्टर, दोन वेगळ्या चिठ्ठ्या, आणि मध्ये कुणीच नाही, अशा ठिकाणी हे घडतं. काही भारतीयांमध्ये 'एनयूडीटी१५' या जनुकातल्या बदलामुळे नेहमीचा डोसही सोसत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत केस भराभर गळू लागले तर ती खूण समजून लगेच काउंट करावा. मानसिक आजारासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांना पहिले चार-सहा महिने दर आठवड्याला आणि थॅलेसेमियात डेफेरिप्रोन घेणाऱ्यांना नियमित काउंट करावाच लागतो. बरं वाटतंय म्हणून तो चुकवू नये. सल्फासॅलाझिन, डॅप्सोन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, झिडोव्हुडिन हीही याच यादीतली.

वेदनाशामक मेटामिझोल, ज्याला जुनी मंडळी ॲनाल्जिन म्हणून ओळखतात, त्याचा इतिहास इथे सांगण्यासारखा आहे. १९२२ मध्ये जर्मन वैद्य वेर्नर शुल्ट्झ यांनी घसा सडून, रक्तातले न्यूट्रोफिल नाहीसे होऊन दगावणाऱ्या रुग्णांचं वर्णन केलं. १९३० च्या दशकात त्यामागचं एक मोठं कारण सापडलं ते ॲमिनोपायरिन हे तापाचं औषध. मेटामिझोल त्याच्याच कुळातलं. भारतात २०१३ मध्ये त्यावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी अटींसह उठली.

तिसरा गट तुटवड्याचा. बी१२ किंवा फॉलिक ॲसिड कमी असेल तर तिन्ही पेशी उतरतात, लाल पेशी मोठ्या होतात म्हणजे एमसीव्ही बहुधा १०० च्या वर जातो आणि काचेवर न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसतात. शुद्ध शाकाहारी, दूधही बेताचं, शिवाय वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी चालू, अशा माणसात ही शंका आधी घ्यावी. इंजेक्शन किंवा गोळ्या सुरू केल्यावर काही आठवड्यांत काउंट वर येतो. रक्त तपासायच्या आधीच बी१२ चं इंजेक्शन टोचून घेतलं तर मात्र निदान धूसर होतं. कोविडपासून अनेक घरांत झिंकच्या गोळ्या महिनोन् महिने चालू राहिल्या. जास्त झिंक तांब्याचं शोषण अडवतं, आणि तांबं कमी झालं की न्यूट्रोफिल घटतात. गोळी बंद करणं हा त्यातला निम्मा उपचार.

प्लीहा, म्हणजे डाव्या बरगडीखालची स्प्लीन, वाढलेली असेल, मग ती यकृत खराब झाल्यामुळे असो वा जुन्या मलेरियामुळे, तर पेशी तिथे अडकून पडतात. काउंट कमी असतो पण संसर्ग त्या मानाने कमी. ल्युपससारख्या आजारांत शरीर स्वतःच्या पेशी मारतं. मज्जेचे आजार, म्हणजे ल्युकेमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया, मायलोडिस्प्लेशिया, यांची भीती सगळ्यांना आधी वाटते, पण ते यादीत सगळ्यात वर नसतात. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही खाली, काचेवर 'ब्लास्ट' म्हणजे अगदी अपक्व पेशी, मानेत-काखेत गाठी, वजन घटणं, रात्री दरदरून घाम, अंगावर निळे डाग: यांतलं काही असेल तर रक्तविकारतज्ज्ञाकडे जायला आठवडाही लावू नये.

दोन प्रकार निरुपद्रवी असतात. अफ्रिकी आणि काही अरब वंशाच्या लोकांत न्यूट्रोफिल जन्मतःच १,००० ते १,५०० असतात, संसर्ग मात्र वाढत नाही. वर्षाच्या आतबाहेरच्या बाळात अँटिबॉडीमुळे न्यूट्रोफिल ५०० च्याही खाली दिसतात, तरी बाळ खेळत असतं. बहुतेकांत हे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आपोआप जातं. बाळाला वारंवार गळवं, हिरड्या सुजणं, न्यूमोनिया होत असेल तर मात्र जन्मजात प्रकार शोधावा लागतो. दर २१ दिवसांनी तोंड येतं आणि ताप येतो असा ठेका दिसला तर सहा आठवडे आठवड्यातून दोन-तीनदा काउंट करतात. एकदाच केलेल्या काउंटमध्ये हा प्रकार निसटतो.

ताप आला तर

एएनसी ५०० च्या खाली आहे किंवा किमोनंतर तिथे जाणार आहे, आणि ताप आला, तर तो हृदयविकाराच्या झटक्याइतकाच तातडीचा समजायचा. कारण असं: लाली, सूज, पू या संसर्गाच्या सगळ्या खुणा न्यूट्रोफिलच तयार करतात. ते नसतील तर न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो, लघवीत संसर्ग असूनही पू-पेशी सापडत नाहीत, जखमेत पू धरत नाही. उरते एकच खूण, ताप.

मर्यादा अशी: तोंडात एकदा १०१ अंश फॅरनहाइट किंवा जास्त, अथवा १००.४ तासभर टिकलेला. घरच्यांसाठी आकडा एकच लक्षात ठेवणं बरं: १००.४ दिसला की फोन. थर्मामीटर डिजिटल, जिभेखाली, चहा-पाणी घेतल्यावर पंधरा मिनिटांनी. तोंड आलं असेल तर काखेत लावा, पण तिथे साधारण अर्धा ते एक अंश कमी दाखवतो हे धरून चाला. गुदद्वारात थर्मामीटर कधीही नाही. नाजूक अस्तर खरचटलं तर आतड्यातले जिवाणू थेट रक्तात जातात. एनिमा आणि गुदद्वारात ठेवायच्या गोळ्याही याच कारणाने वर्ज्य.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अंग कोमट लागलं की ताप न मोजता पॅरासिटामॉल देणं. आकडा झाकला जातो, संसर्ग वाढत राहतो, आणि सहा तासांनी रुग्ण थेट रक्तदाब पडलेल्या अवस्थेत येतो. आधी मोजा, वहीत वेळ लिहा, फोन करा, मग डॉक्टर म्हणतील तर गोळी. वयस्कर माणूस किंवा स्टेरॉइड घेणारा रुग्ण यांना ताप येईलच असं नाही. हुडहुडी, असंबद्ध बोलणं, धाप, लघवी कमी, पोटात उजवीकडे खाली दुखणं, जुलाब यांनाही तापाचाच मान द्यायचा.

किमोचा दिवस पहिला धरला तर बहुतेक औषधांत सातवा ते चौदावा दिवस सगळ्यात धोक्याचा. कॅलेंडरवर हे आठ दिवस लाल करा. लांबचा प्रवास, लग्न, यात्रा या आठवड्यात नको.

रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून पहिलं अँटिबायोटिक जायला हवं. त्याआधी शक्य असेल तर ब्लड कल्चरचे दोन संच, छातीत किंवा दंडात नळी असेल तर एक त्यातून आणि एक हातातून. कल्चरसाठी किंवा सीबीसीच्या रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवायचं नाही. नेहमी वापरली जाणारी औषधं म्हणजे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, सेफेपिम किंवा मेरोपेनेम. निवड डॉक्टरची, पण पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ती तुम्ही आधी सांगायला हवी. काही रुग्णांना 'मॅस्क' या धोका मोजणाऱ्या गुणांकानुसार, २१ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर, गोळ्यांवर घरीही ठेवतात. तो निर्णय तपासल्यावर होतो, फोनवर नाही.

किमो मुंबई-पुण्यात किंवा नागपुरात आणि घर चार-सहा तास लांब, अशांची संख्या मोठी आहे. तिथे खरा घात प्रवासात होतो. ताप आल्यावर रात्रीची गाडी पकडून मोठ्या रुग्णालयात निघू नका. शिरेतून पहिलं अँटिबायोटिक जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा आयसीयू असलेल्या खासगी रुग्णालयात घ्या आणि मग हलवा. १०८ रुग्णवाहिका त्यासाठी आहे. हे रात्री दोनला जमवायचं नसतं. पहिल्या किमोच्या आधीच आपल्या कॅन्सरतज्ज्ञाकडून एका कागदावर लिहून घ्या: आजाराचं नाव, किमोची औषधं, ताप आल्यास द्यायचं पहिलं अँटिबायोटिक आणि डोस, शेवटचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), ॲलर्जी, फोन नंबर. त्याच्या झेरॉक्स तीन: पाकिटात, फाइलमध्ये, आणि गावातल्या डॉक्टरकडे.

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर 'ताप आलाय' म्हणाल तर तुम्हाला रांगेत बसवतील, तेही खोकणाऱ्यांच्या शेजारी. वाक्य असं बोला: 'किमो चालू आहे, आज दहावा दिवस, ताप १०१, पांढऱ्या पेशी कमी असणार, लगेच अँटिबायोटिक हवं.' आणि मास्क लावून जा. स्नायूत टोचायचं इंजेक्शन कुणी देऊ लागलं तर प्लेटलेटचा आकडा विचारा. रक्त साकळून गाठ किंवा गळू होण्याची भीती असते.

पेशी कमी असताना घरात

हात धुणं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत परिणामकारक. साबण, ४० ते ६० सेकंद, नखं आणि अंगठा विसरू नका. रुग्णापेक्षा त्याची सेवा करणाऱ्याने जास्त.

तोंडासाठी: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा, दिवसातून चार ते सहा वेळा गुळण्या, रोज ताजं पाणी. ब्रश अगदी मऊ. मिश्री, कडक दातून, अल्कोहोल असलेला माउथवॉश बंद. दात काढायचा असेल तर आधी काउंट, मग दंतवैद्य. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका. इसबगोल, पाणी, लागलं तर डॉक्टरने दिलेलं पातळ औषध, कारण छोटीशी चीरही संसर्गाचं दार ठरते. मूळव्याध असेल तर किमोआधीच सांगा.

खाण्याबाबत फार भीती घातली जाते. सगळं कच्चं बंद करणारा कडक आहार संसर्ग कमी करतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. त्याने माणूस जेवणंच सोडतो. अर्थ असलेली गोष्ट म्हणजे स्वच्छता. मटकीला मोड आणा, पण उसळ पूर्ण शिजवूनच. केळं, संत्रं, मोसंबी ही घरी सोललेली फळं चालतात. बाहेर कापून ठेवलेली नाहीत. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, बाहेरचं ताक आणि हिरवी चटणी बंद. घरचं दही तापवलेल्या दुधाचं आणि ताजं असेल तर बहुतेक डॉक्टर चालवतात. काउंट ५०० च्या खाली असेल तर विचारून घ्या. प्रोबायोटिकच्या पुड्या मात्र नकोत. अंडं घट्ट उकडलेलं, मासे-चिकन आतपर्यंत शिजलेलं. उरलेला भात दोन तासांत फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत तापवून, नंतर टाकून द्या. पंचामृत आणि अनेक हातांतून आलेला प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवला तरी देव रागावत नाही.

बुरशीचे कण धुळीतून येतात. घरात भिंत फोडायचं किंवा रंगाचं काम चालू असेल तर रुग्णाला दुसरीकडे ठेवा. कुंड्यांची माती, ओला कचरा, कबुतरांची विष्ठा झाडणं, कूलरचं शिळं पाणी यांपासून लांब. घरात कांजिण्या झालेलं मूल असेल किंवा बाळाला तोंडावाटे पोलिओ डोस द्यायचा असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. रुग्णाला जिवंत जंतूंची लस द्यायची नाही. फ्लूची साधी, मृत विषाणूची लस घेता येते, वेळ डॉक्टर ठरवतील.

पेशी वाढवण्याचं इंजेक्शन

फिलग्रास्टिम १९९१ पासून वापरात आहे. नेहमीचा डोस दर किलोला रोज ५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ३०० मायक्रोग्रॅम, म्हणजे बहुधा एक व्हायल किंवा सिरिंज. ते किमो संपल्यावर २४ तासांच्या आत देत नाहीत, कारण नुकत्याच जागवलेल्या कोवळ्या पेशी किमोच मारून टाकतं. त्याचाच जास्त दिवस टिकणारा प्रकार पेगफिलग्रास्टिम ६ मिलिग्रॅम एकदाच, आणि पुढच्या किमोच्या आधीच्या १४ दिवसांत नाही.

पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली, रोज जागा बदलून. फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअस. फ्रीजरच्या कप्प्याला चिकटून नाही. गावी नेताना थर्मासमध्ये बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नका, मध्ये टॉवेल घाला. गोठलं की वाया गेलं. जोरात हलवायचं नाही. कंबर, पाठ, छातीचं हाड ठणकणं नेहमीचं आहे. त्यावर वेदनाशामक घ्यायचं तर आधी ताप मोजून. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात जोराने दुखलं तर प्लीहेसाठी लगेच दाखवा. इंजेक्शन चालू असताना काउंट अचानक २०,००० दिसतो आणि थांबवल्यावर निम्म्यावर येतो, दोन्ही अपेक्षित.

स्टेरॉइडनेही काउंट 'वाढतो', पण तो रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटलेल्या पेशी सुटून मोजणीत आल्यामुळे. त्या आकड्यावर खूश होऊन चालत नाही. पपईच्या पानांच्या रसाची चर्चा प्लेटलेटबद्दल होते. न्यूट्रोफिलशी त्याचा संबंध नाही, आणि कच्चा पाला वाटून पाजणं या रुग्णांना उलट धोक्याचं. गुळवेलीचा काढा, भस्म, अनोळखी पुड्या घेत असाल तर लपवू नका. यकृत बिघडलं तर पुढची किमो अडते.

पुन्हा तपासणी कधी

एएनसी १,००० च्या वर आणि माणूस बरा: दोन आठवड्यांनी, मग सहा आठवड्यांनी. ५०० ते १,०००: दोन-तीन दिवसांत पुन्हा आणि औषधांची यादी घेऊन डॉक्टरकडे. ५०० च्या खाली, ताप नसला तरी त्याच दिवशी फोन. सहा-आठ आठवड्यांनंतरही कमीच असेल तर स्मिअर, बी१२, फॉलिक ॲसिड, यकृताच्या चाचण्या, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, एएनए (ल्युपससारख्या आजारांची चाचणी), पोटाची सोनोग्राफी. यांतून उत्तर मिळालं नाही किंवा इतर पेशीही घसरल्या तर बोन मॅरो. मॅरोची तपासणी कंबरेच्या मागच्या हाडातून, जागा बधिर करून, बहुधा अर्ध्या तासात होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

पुढच्या किमोसाठी बहुतेक डॉक्टरांना एएनसी १,००० ते १,५०० च्या वर हवा असतो. म्हणून सीबीसी किमोच्या आदल्या दिवशी, शक्यतो त्याच लॅबमध्ये करा आणि निघण्यापूर्वी फोनवर आकडा कळवा. नाहीतर सहा तासांचा प्रवास करून कळतं की आठवडाभराने या.